‘फील’ वापरताना ‘मला’ कुठे ठेवायचं

मागच्या महिन्यात चप्पल लाइनीतला, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातला, एक पोरगा माझ्या इंग्रजीच्या क्लासला आला तो चेहरा पाडूनच. दुकानात परदेशी जोडपं आलं होतं. त्यातल्या माणसाने कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, पायात घातली, दोन पावलं टाकली आणि तोंड जरा वाकडं केलं. ह्याच्या लक्षात आलं की घट्ट होत असणार. म्हणून ह्याने विचारलं, ‘आर यू फीलिंग टाइट?’ नवराबायको दोघंही खळखळून हसली. “मॅडम, मी काय वाईट बोललो काय ओ?”

वाईट काहीच नव्हतं. पण ते वाक्य चपलेबद्दल न होता माणसाबद्दल झालं. ‘टाइट’ माणूस म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही, आणि इंग्रजीतही त्या शब्दाचा एक जुना अर्थ तोच आहे, प्यायलेला. पोराला विचारायचं होतं, ‘डू दे फील टाइट?’ दे म्हणजे चपला. मुख्य बदल ‘यू’च्या जागी ‘दे’ आणायचा होता, पण तो करायला मराठीतली सवय मोडावी लागते. ती कशी मोडायची ते आज लिहिते.

मी मंगळवार पेठेत संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्रजी बोलायला शिकवते. सोळा वर्षं झाली. येणारी माणसं दुकानातली, दवाखान्यातली, तालमीतली. या सगळ्यांच्या सर्वांत जास्त कामाचं आणि सर्वांत जास्त अडवणारं क्रियापद कुठलं असेल तर ‘फील’. शाळेत त्याचा अर्थ ‘वाटणे’ असा पाठ करून घेतात आणि तिथेच सोडून देतात. ‘वाटणे’ हा त्याचा एक कोपरा झाला.

आधी आपल्या भाषेकडे बघा. मराठीत जाणीव बाहेरून माणसाकडे येते. मला थंडी वाजते, भूक लागते, कंटाळा येतो, लाज वाटते, हुडहुडी भरते, मळमळतं, गरगरतं. वाक्याच्या तोंडाशी ‘मला’, आणि प्रत्येक जाणिवेला तिचं स्वतःचं क्रियापद. थंडी लागते असंही म्हणतो, पण भूक वाजत नाही. ही श्रीमंती आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. इंग्रजीत या वाजण्या-लागण्या-भरण्याची बरीचशी कामं एकटं ‘फील’ करतं, आणि त्याच्यापुढे बहुतेक वेळा विशेषण येतं. आपल्याकडे थंडी, लाज, कंटाळा ही नामं असतात. तिकडे जाताना नाम खाली ठेवायचं आणि विशेषण उचलायचं. वहीत असं लिहून घ्या:

थंडी वाजते: आय फील कोल्ड.
तहान लागली: आय फील थर्स्टी.
गरगरतंय: आय फील डिझी.
कंटाळा आलाय: आय फील बोअर्ड.
लाज वाटली: आय फेल्ट अशेम्ड.
कणकण वाटतेय: आय फील फीव्हरिश.

‘आय ॲम फीलिंग फीवर’ हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी माझ्या कानावर येतं. ताप असेल तर ‘आय हॅव अ फीवर’, कणकण असेल तर ‘आय फील फीव्हरिश’. कंटाळ्याच्या बाबतीत ‘बोरिंग’ आणि ‘बोअर्ड’ यांची अदलाबदल करू नका. ‘आय फील बोअर्ड’ म्हणजे मला कंटाळा आला, ‘आय ॲम बोरिंग’ म्हणजे माझा इतरांना कंटाळा येतो. मळमळीला ब्रिटिश माणूस ‘आय फील सिक’ म्हणतो, पण त्याचा अर्थ ‘मी आजारी आहे’ असाही होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांसमोर ‘नॉशस’ हा शब्द सुरक्षित.

याला एक अपवाद आहे. जाणीव शरीरात नेमक्या एका जागी असेल तर नाम चालतं. ‘आय फील अ पेन इन माय नी’, ‘आय फील अ लम्प हिअर’, म्हणजे इथे गाठ लागतेय हाताला.

मी या एका क्रियापदाच्या इतकी मागे का लागते, त्याचं कारण माझी आई. बारा वर्षांपूर्वी तिला घेऊन मी परराज्यातल्या एका इस्पितळात होते. तिला मधुमेह होता. रात्री साडेनवाच्या सुमारास ती म्हणाली, “जीव घाबरा होतोय गं.” ड्यूटीवरच्या डॉक्टरला मराठी येत नव्हतं. मी भाषांतर केलं, ‘शी इज फीलिंग अफ्रेड.’ त्याने आईचा हात हातात घेतला, ‘डोन्ट वरी अम्मा’ म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. त्याला मी जे सांगितलं त्यावर त्याने योग्य तेच केलं. पाऊण तास गेला. आई घामाने भिजली, बोटं थरथरायला लागली. तेवढ्यात पाळी बदलली आणि बेळगावकडची एक नर्स आली. तिने आईलाच मराठीत विचारलं, “आजी, घाम सुटलाय काय? हातपाय कापत्यात?” साखर तपासली. ५८ होती. सत्तरच्या खाली गेली की ती कमीच धरतात. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आई सावरली.

‘जीव घाबरा होणे’ यात ‘घाबरणे’ दिसतं, पण तिथे भीती नसते, शरीराची तगमग असते. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, ‘शी फील्स शेकी अँड स्वेटी, अँड हर हार्ट इज रेसिंग.’ त्या वाक्यावर कुठल्याही डॉक्टरने आधी साखर बघितली असती. म्हणून माझ्या क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात ‘हाऊ डू यू डू’ शिकवत नाही. पहिल्या आठवड्यात शरीर शिकवते. छातीत कसंतरी होतंय हे ‘समथिंग इज हॅपनिंग’ म्हणून सोडायचं नाही. दाब असेल तर ‘माय चेस्ट फील्स टाइट’, जड असेल तर ‘फील्स हेवी’, जळजळ असेल तर ‘आय फील अ बर्निंग इन माय चेस्ट’. आधी मराठीत स्वतःला विचारा की नेमकं काय होतंय. ‘कसंतरी’चं मराठीतच उत्तर मिळालं नाही तर इंग्रजीत ते कुठून येणार?

आता वर ‘माय चेस्ट फील्स टाइट’मध्ये काय झालं ते पुन्हा वाचा. ‘आय’ नाहीच. छाती पुढे आली. ‘फील’च्या वाक्याची ही दुसरी बैठक, आणि चपलेच्या पोराला हीच हवी होती. इंग्रजीत ज्याला जाणवतं तो कर्ता होऊ शकतो, आणि जी वस्तू जाणवते तीही कर्ता होऊ शकते. ‘आय फील कोल्ड’, मला थंडी वाजते. ‘द फ्लोअर फील्स कोल्ड’, फरशी गार लागते. मराठीतही फरशी गार ‘लागते’, चप्पल घट्ट ‘होते’, चामडं मऊ ‘लागतं’. तेव्हा कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त वाक्य सुरू करण्याआधी ठरवायचं, मी माणसाबद्दल बोलतोय की वस्तूबद्दल? वस्तूबद्दल असेल तर ‘मला’ पूर्ण बाजूला ठेवायचं.

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी एक जोड घेऊनच यायला सांगितलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर जोड ठेवला. हिरडा आणि बाभळीच्या सालीत पकवलेल्या चामड्याचा तो वास खोलीभर झाला. प्रत्येकाने हात लावून एक वाक्य बोलायचं. तळ दाबून बघितला: ‘द सोल फील्स स्टिफ.’ वेणीवरून बोट फिरवलं: ‘द ब्रेड फील्स स्मूद.’ कडेला नख लावलं: ‘दि एज फील्स रफ.’ तेल चोळून पुन्हा हात लावला: ‘नाऊ इट फील्स सॉफ्टर.’ इथे तीन चुका हमखास होतात. एक, ‘द लेदर इज फीलिंग सॉफ्ट’. वस्तूबद्दल सांगताना ‘इज फीलिंग’ लावू नका, साधं ‘फील्स’ पुरतं. दोन, ‘फील्स सॉफ्टली’. मऊपणा चामड्याचा आहे, लागण्याच्या क्रियेचा नाही, म्हणून सॉफ्टच. तीन, ‘द लेदर इज फेल्ट सॉफ्ट’, जे शाळेत प्रयोग बदलायची सवय लागल्यामुळे होतं. हीच रीत ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘लुक’, ‘साउंड’ यांनाही लागू आहे. पांढरा रस्सा ‘टेस्ट्स माइल्ड’, तांबडा ‘टेस्ट्स हॉट’.

दुकानात बसणाऱ्यांसाठी थोडं जास्त. गिऱ्हाइकाने पाय घातला की विचारायचं, ‘हाऊ डू दे फील?’ एवढंच. हे वाक्य इतकं नैसर्गिक आहे की समोरचा माणूस लगेच मोकळा होतो. तो म्हणेल, ‘अ बिट टाइट अक्रॉस द टोज.’ आपण म्हणतो चप्पल चावते. ते ‘बाइट’ म्हणून सांगू नका, तिकडे ‘दे पिंच’ किंवा ‘दे रब’ म्हणतात. मग सांगायचं, ‘दे फील स्टिफ नाऊ, बट दे विल सॉफ्टन व्हेन यू वेअर देम.’ हे खरंच आहे, कोल्हापुरी पायात घातल्याशिवाय पुरती मऊ पडत नाही. आणि कुणी खऱ्या-खोट्याची शंका घेतली तर सांगा, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. मग जोड त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘फील द लेदर.’ म्हणजे हात लावून बघा. ‘टच’ म्हटलं तर नुसतं हात लावणं होतं. ‘फील’ म्हटलं की हात लावून कळून घेणं होतं. दुकानदाराला दुसरं हवं असतं.

तालमीतली पोरं क्लासला येतात ती अंग दुखत असतानाच. खांदा धरलाय, ‘माय शोल्डर फील्स स्टिफ’. पाय भरून आलेत, ‘माय लेग्ज फील हेवी’. हात बधिर झालाय, ‘माय हँड फील्स नम्ब’. पायात गोळा आला तर मात्र ‘फील’ नको, ‘आय हॅव अ क्रॅम्प’. ठणकतंय, ‘इट्स थ्रॉबिंग’. सगळं ओझं ‘फील’वर टाकायचं नाही.

आता ‘वाटणे’. हे एक मराठी क्रियापद इंग्रजीत निदान तीन ठिकाणी जातं, आणि कुठे जातं ते ओळखायची सोपी खूण आहे.

‘मला वाटलं तू गेलास’ यात अंदाज आहे. तिथे ‘आय थॉट यू हॅड गॉन’. इथे ‘आय फेल्ट’ म्हणू नका. ‘माझी समजूत होती’ असं म्हणून बघा, बसलं तर ‘थिंक’.

‘मला वाटतं त्याच्यावर अन्याय झाला’ यात मन गुंतलंय. तिथे ‘आय फील ही वॉज ट्रीटेड अनफेअरली’. ‘थिंक’ही चुकणार नाही, पण ‘फील’मध्ये ऊब असते. मत सांगताना ‘आय ॲम फीलिंग दॅट’ करू नका. मुलाखतीला जाणाऱ्या मुली हमखास करतात, कारण ‘इंग’ लावलं की इंग्रजी वजनदार झालं असं त्यांना शिकवलेलं असतं. तब्येतीबद्दल मात्र दोन्ही चालतं, ‘हाऊ डू यू फील?’ आणि ‘हाऊ आर यू फीलिंग?’

तिसरं माझं सगळ्यात आवडतं. मराठीत आपण म्हणतो खावंसं वाटतं, जावंसं वाटत नाही, रडावंसं वाटलं. तो ‘-वंसं’ जिथे ऐकू येतो तिथे ‘फील लाइक’ ठेवा आणि पुढे ‘इंग’ लावा. ‘आय फील लाइक ईटिंग मिसळ.’ ‘आय डोन्ट फील लाइक गोइंग.’ ‘आय फेल्ट लाइक क्राइंग.’ हे दोन भाषांचे सांधे इतके नीट जुळतात की मला दरवेळी आनंद होतो. ‘फील लाइक टू ईट’ मात्र कधीच नाही. याच ‘फील लाइक’चा दुसरा अर्थ ‘सारखं वाटणे’. ‘इट फील्स लाइक संडे’, आज रविवारसारखं वाटतंय. ‘इट फील्स लाइक प्लॅस्टिक’, हाताला प्लॅस्टिकसारखं लागतंय, हे नकली चपलेबद्दल. पुढे काय येतं त्यावरून अर्थ आपोआप कळतो.

अंधारात चाचपडणं हेही ‘फील’च. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात मी शाहूपुरी कुंभार गल्लीत मावशीकडे अडकले होते. वीज गेलेली. आधी उशीखाली बॅटरी चाचपली: ‘आय फेल्ट फॉर द टॉर्च.’ मिळाली नाही. मग भिंतीला हात लावत जिना उतरले: ‘आय फेल्ट माय वे डाउन द स्टेअर्स.’ खालून तिसऱ्या पायरीवर पाण्याचा गारवा पायाच्या अंगठ्याला लागला. पाणी दिसलं नव्हतं, आवाजही नव्हता. ‘आय फेल्ट द वॉटर टच माय फूट.’ या वाक्याची बांधणी नीट बघा. ‘फेल्ट’, मग वस्तू, मग साधं क्रियापद, ‘टू’ न लावता. आणि मी तिथे उभी असताना पाणी घोट्याकडे सरकत होतं, ते सांगायचं तर ‘आय फेल्ट द वॉटर रायझिंग’. एकदाच घडून गेलं तर ‘टच’, चालूच होतं तर ‘रायझिंग’. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात मला कधी पक्का बसला नव्हता. त्या पायरीवर बसला.

‘जाणवणे’ बातम्यांत येतं तेव्हा ते असं: ‘द ट्रेमर्स वेअर फेल्ट इन कोल्हापूर.’ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजली असं वडील सांगायचे. तिथे कुणाला जाणवलं हे महत्त्वाचं नसतं, म्हणून ‘वेअर फेल्ट’ योग्य.

उच्चाराकडे दुर्लक्ष करू नका. ‘फील’ दीर्घ, ‘फिल’ ऱ्हस्व. फॉर्म ‘फिल’ करतात. मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणारी माणसंही बोलताना दोन्ही एकच करतात. भूतकाळ ‘फेल्ट’, शेवटचा ‘ट’ ऐकू आलाच पाहिजे. ‘आय फेल्ट डाउन’ म्हणजे मन खचलं होतं, आणि ‘ट’ गिळला की ‘आय फेल डाउन’, मी पडले. दवाखान्यात या दोन वाक्यांवर दोन वेगळ्या तपासण्या होतात.

काही जोड्या पाठच करा. ‘फील फ्री टू आस्क’, संकोच न करता विचारा. ‘आय फील सॉरी फॉर हिम’, त्याच्याबद्दल वाईट वाटतं. ‘आय डोन्ट फील वेल’, बरं वाटत नाही. ‘आय डोन्ट फील अप टू इट’, तेवढं त्राण नाही. या शेवटच्या जोडीत सावध राहा. ‘अप’ नंतरचं ‘टू’ गळलं आणि पुढे माणूस आला, तर अर्थ वाईट हेतूने अंगाला हात लावणे असा होतो. मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण कुणी त्यांच्याशी तसं वागलं तर तक्रारीत लिहायला हा शब्द त्यांना माहीत असला पाहिजे.

आणि आपल्या बोलण्यात आलेलं ‘फील’. ‘त्याला लई फील झालं’ म्हणजे मनाला लागलं. ‘फील करून घेऊ नकोस’ म्हणजे मनावर घेऊ नकोस. मराठीत हे छान रुजलंय, वापरा. पण इंग्रजीत ‘ही फेल्ट’ म्हणून थांबला तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. तिथे ‘ही फेल्ट हर्ट’ असं पूर्ण करायला लागतं.

सरावासाठी मी एक वही ठेवायला सांगते. रोज पाच वाक्यं, त्यातली तीन तरी ‘आय’ने सुरू न होणारी. सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलात तर ग्लास हातात धरून म्हणा, ‘द ग्लास फील्स वॉर्म.’ रंकाळ्यावर बसलात तर वाऱ्याबद्दल, के.एम.टी.च्या बसमध्ये उभे असाल तर हातातल्या दांडीबद्दल. आधी हात लावायचा, मग मराठीत म्हणायचं, मग इंग्रजीत.

चप्पल लाइनीतला तो पोरगा वही रोज आणतो. कालचं त्याचं शेवटचं वाक्य होतं, ‘द स्ट्रॅप फील्स स्टिफ बिकॉज इट इज न्यू.’ ‘फील्स’मधला ‘स’ त्याने नंतर आठवून घातलेला दिसतो, वेगळ्या पेनाने.